मंकच्या रचना नव्याने वाजवतोय : काय हलवायचं आणि काय नाही?

लालबाग_आल्टो
रविवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

मी आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. राहायला लालबागला, नोकरी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग कचेरीत. वडील चाळीस वर्षं लग्नाच्या ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वाद्य कसं धरायचं, रीडवर ओठ किती दाबायचा, हे त्यांनीच शिकवलं. जॅझ मला कॉलेजात असताना काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये सापडलं. २०१६ला ते दुकान बंद झालं त्या आठवड्यात मी दोनदा नुसता जाऊन उभा राहिलो होतो.

गेली तीन वर्षं आम्ही चौघं एकत्र वाजवतो : पियानो, डबल बास, ड्रम्स आणि मी. अंधेरीला एक खोली तासाच्या भाड्याने घेतो. आता थेलोनियस मंकच्या सहा रचनांचा ट्रिब्यूट, म्हणजे मानवंदनेचा, अल्बम करायचं ठरलंय. निवड झाली आहे : ‘राउंड मिडनाइट’, ‘ब्लू मंक’, ‘वेल यू नीडन्ट’, ‘अग्ली ब्यूटी’, ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ आणि ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’.

ज्यांनी मंक ऐकला नसेल त्यांच्यासाठी : १९१७ ते १९८२, अमेरिकन पियानोवादक. रचना जेमतेम सत्तर, पण जॅझ वाजवणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यातून जावंच लागतं. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या तो एकदम दाबतो, आता सूर येणार असं वाटतं तिथे थांबतो, आणि आपण आशा सोडली की तो सूर देतो. पहिल्यांदा ऐकताना चुकलाय असं वाटतं. महिनाभर ऐकलं की बाकीचेच घाई करतायत असं वाटायला लागतं.

आता अडचण. स्टुडिओचा निम्मा खर्च उचलणाऱ्या मित्राचं म्हणणं, तानपुरा, तबला, बासरी घ्या, मुंबईहून आलेला अल्बम मुंबईचा वाटला पाहिजे. आमचा ड्रमर म्हणतो, मूळ रेकॉर्डवर आहे तसंच वाजवू, त्यात हात घालणारे आपण कोण. मी दोघांच्या मधे. मी ‘राउंड मिडनाइट’ सात मात्रांत बसवलं, रूपकच्या वजनावर. कॉर्ड्स, म्हणजे चालीखाली एकत्र दाबायचे सूर, बदलल्या, मधे एक चढती तान लिहिली जी पियानो आणि मी एकत्र वाजवतो. दोन महिने घासलं. झालं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

फोनवर ध्वनिमुद्रण केलं आणि घरी वडिलांना ऐकवलं. ते लसूण सोलत बसले होते. दोन महिने माझ्या खोलीतून मंकची मूळ रेकॉर्ड ऐकून ऐकून चाल त्यांच्या कानात बसलेली. शेवटपर्यंत ऐकलं, हात पुसले आणि म्हणाले, “चाल ओळखली. पण जागा कुठे गेल्या?”

त्यानंतर आठ दिवस मी ते वाजवलेलं नाही.

गाण्यातली जागा म्हणजे काय हे इथे कोणाला सांगायला नको. एखादा गायक एका शब्दावर जे करतो आणि ज्यासाठी आपण ती रेकॉर्ड पुन्हा लावतो, ती. मंकच्या जागा वेगळ्या आहेत. तो जिथे वाजवत नाही तिथे त्या आहेत, जिथे दोन पट्ट्या खडखडतात तिथे आहेत. मी त्या सगळ्या बुजवल्या. सात मात्रा भरायच्या नादात प्रत्येक रिकाम्या ठिकाणी काहीतरी घातलं.

तर प्रश्न हा : रचना नव्याने मांडायची तर तिच्यातलं काय हलवलं तर चालतं, आणि काय हलवलं की ती ती राहत नाही? आणि दुसरा, ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’चं काय करू? मंक स्वतः त्यात ऐनवेळी सुचेल तसा विस्तार करत नसे, लिहिली तशीच वाजवायचा. आम्ही चौघं सोलो घेणारे, म्हणजे आळीपाळीने सुचेल तसं वाजवणारे. हात बांधून बसायचं का?

---

दादरचा_श्रोता
सोमवार, सकाळी ७.१५

मी वाजवणारा नाही, ऐकणारा आहे. बँकेत नोकरी केली, आता सत्तरी आली. तरीही लिहितो, कारण तुमच्या वडिलांचं वाक्य वाचून चहा गार झाला.

१९७८ साली धोबी तलावाच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली तेव्हा मी बाविशीचा होतो. डोक्यावर उघडं आकाश. सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स वाजवायला आला होता. हा तोच माणूस, जो १९५६मध्ये मंकबरोबर ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’च्या ध्वनिमुद्रणाला होता, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता. त्या रात्री मला जॅझमधलं काही कळत नव्हतं. पण तो एखादी साधी चाल घ्यायचा, तिचं एक टोक धरायचा आणि तेवढंच टोक उलटसुलट करून बघत राहायचा, हे कळलं. व्हीटीपर्यंत चालत गेलो आणि शेवटच्या गाडीत ते टोक डोक्यात फिरत होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो, जरा वळसा घालून.

आमच्या घरी बालगंधर्व म्हणजे देव. आईने त्यांना लहानपणी प्रत्यक्ष ऐकलं होतं. कुमार गंधर्वांनी जेव्हा बालगंधर्वांची पदं स्वतःच्या पद्धतीने गायला घेतली आणि त्या कार्यक्रमाला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असं नाव दिलं, तेव्हा आमच्या घरात अक्षरशः दोन तट पडले. आई म्हणे, तो गळा नाही, ती लाडिक फिरत नाही, मग हे कशाला? वडील म्हणत, तो गळा आणायचा प्रयत्न त्याने केलाच नाही, हेच तर ऐक.

मी पुढे ती रेकॉर्ड पुष्कळदा ऐकली. कुमारांनी नारायणरावांचा, म्हणजे बालगंधर्वांचा, आवाज घेतला नाही. श्वासही त्यांचा नव्हता, कुमारांचा श्वास आखूड होता, एक फुप्फुस क्षयाने निकामी केलेलं. पण पद कुठून उचलायचं, कोणत्या अक्षरावर भार द्यायचा, लय कुठे रेंगाळू द्यायची, हे त्यांनी नारायणरावांकडून घेतलं होतं. आणि नावातच कबूल केलं होतं की हे मला उमजलेले. सगळे बालगंधर्व नव्हेत, खरे बालगंधर्व असा दावाही नव्हे.

आईला ते अखेरपर्यंत पटलं नाही. मला पटलं.

म्हणून मला वाटतं, सात मात्रा की चार, हा प्रश्न दुसरा. तुम्हाला मंकमधलं काय उमजलंय, हा पहिला. तुमच्या लिहिण्यावरून तर ते तुम्हाला उत्तम उमजलंय, तुम्ही ते वाजवलं नाहीत इतकंच. ‘बाकीचेच घाई करतायत’ हे तुमचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

तानपुऱ्याबद्दल : अल्बम मुंबईचा वाटावा म्हणून वरून काही चिकटवू नका. लालबागचा माणूस वाजवतोय, वडील बँडमध्ये होते, ते फुंकरीत येईलच.

---

काळी_पाच
सोमवार, दुपारी ३.०५

मी पियानो शिकवते, पार्ल्याला. थेट कामाचं बोलते.

पहिलं विचारायचं ते हे की तुम्ही या रचना कशावरून बसवल्या? कागदावरून असतील तर तिथेच गडबड आहे. आपल्याकडे झेरॉक्स होऊन होऊन फिरणारं ते जाडं ‘रिअल बुक’ सत्तरच्या दशकात बॉस्टनच्या बर्कलीमधल्या विद्यार्थ्यांनी तयार केलं. मंकच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. ‘वेल यू नीडन्ट’चा मधला भाग, ब्रिज, त्या जुन्या प्रतीत ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९५४च्या रेकॉर्डसारखा आहे. मंकचा ब्रिज वेगळ्या कॉर्डवरून सुरू होतो. म्हणजे ‘मूळ तसंच वाजवू’ म्हणणारा तुमचा ड्रमर कदाचित माइल्सचं मूळ वाजवत असेल.

‘राउंड मिडनाइट’ची गंमत त्याहून मोठी. ही रचना पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केली ती कूटी विल्यम्सच्या ऑर्केस्ट्राने, १९४४मध्ये. मंकची स्वतःची रेकॉर्ड १९४७ची. आज सगळे जी प्रस्तावना वाजवतात आणि शेवटी जी सांगता करतात, ती डिझी गिलेस्पी या ट्रम्पेटवाल्याच्या मांडणीतून आलेली आहे. आता सांगा, यातलं मूळ कुठलं? माझ्या विद्यार्थ्यांना मी १९५७च्या एकल सत्रातला तुकडा ऐकवते. मंक एकटा बसून आपलीच ‘राउंड मिडनाइट’ सुमारे २२ मिनिटं चाचपतोय. थांबतो, पुन्हा घेतो, एकच कॉर्ड दोन तऱ्हांनी दाबून बघतो. रचना त्याच्या हातात येऊन दहा वर्षांहून जास्त झालेली, तरी त्याचं बघणं संपलेलं नाही. हा तुकडा आधी चौघांनी मिळून ऐका.

आता तुमच्या सात मात्रा. रूपकमध्ये वाईट काही नाही. पण एक करून बघा. वाद्यं बाजूला ठेवा, टाळी द्या, आणि सात मात्रांत ती चाल नुसती गा. चालीतले जे सूर लांब आहेत, टेकलेले आहेत, ते टाळीवर किंवा टाळीच्या मुद्दाम आड पडतायत का? की मात्रा पुरवायला सूर ओढावे लागतायत? ओढावे लागत असतील तर ताल चालीतून निघालेला नाही, चालीवर लादलेला आहे. हे गाऊन पाच मिनिटांत कळतं, वाजवून दोन महिने कळत नाही, कारण वाद्य हाताला रमवतं.

स्टीव्ह लेसी हा सोप्रानो सॅक्सवाला १९६०मध्ये मंकबरोबर काही काळ वाजवत होता. मंक जे सांगेल ते त्याने टिपून ठेवलं. त्यातल्या दोन गोष्टींचा आशय माझ्या खोलीत भिंतीवर लावलेला आहे : ड्रमर नसलास तरी ताल तुलाच सांभाळायचाय, आणि वाजवताना मूळ चाल मनात गात राहा. याच लेसीने त्याआधी, १९५८ला, ‘रिफ्लेक्शन्स’ नावाचा अख्खा अल्बम फक्त मंकच्या रचनांचा केला होता. मंक हयात असताना! तो ऐका. पियानोवर मॅल वॉल्ड्रन आहे, तो मंकसारखं वाजवायचा प्रयत्न करत नाही. म्हणजे माणसाची नक्कल नाही आणि रचनेची शिस्त पूर्ण. तुम्हाला हवंय ते हेच.

‘क्रेपस्क्यूल’ : हात बांधून नाही, हात जोडून वाजवा. ती त्याने बायकोसाठी लिहिली, ती आजारी असताना. आरतीत कोणी ताना घेत नाही, तसं. तरी बदलायला वाव आहे, नाही असं नाही. कोणता सूर कोणत्या वाद्याकडे द्यायचा, चाल किती हळू चालू शकते, आवाज कुठे सोडायचा. आल्टो आणि बास एवढ्यावरच सुरुवात करून बघा.

आणि तुमचं नशीब बघा, ‘राउंड मिडनाइट’ काळी दोनच्या मायनरमध्ये आहे, म्हणजे आल्टोवर तुम्हाला सी मायनर. बोटांना काही त्रास नाही. सगळं लक्ष शांततेकडे देता येईल.

---

वसईकर_ट्रम्पेट
सोमवार, रात्री १०.२०

भावा, मी वसईचा. आजोबा दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत आणि रात्री चर्चगेटच्या हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचे. म्हणून वरच्या दोघांपेक्षा जरा वेगळं सांगतो.

तू वडिलांना चुकीचा प्रश्न विचारलास. ‘कसं वाटलं’ काय विचारतोस? त्यांना विचार, तुम्ही गाण्याचं बँडवर करताना काय ठेवायचात आणि काय टाकायचात? चाळीस वर्षं ते हेच करत होते. लताबाईंचं गाणं क्लॅरिनेटवर, शब्द नाहीत, पन्नास वायोलिन नाहीत, समोर बेस्टची बस हॉर्न मारतेय, आणि तरी वरातीतला माणूस दुसऱ्या ओळीला नाचायला लागतो. ट्रिब्यूट अल्बम याहून वेगळा काय असतो?

आणि जॅझ आपल्याकडे बाहेरून आणून ठेवलेली वस्तू नाही. १९५१च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांनी, म्हणजे आपल्या चितळकरांनी, जे स्विंग आणलं त्यात चिक चॉकलेट आणि त्याचा बँड होता. पडद्यावरही दिसतो. ताज हॉटेलात वाजवणारा गोव्याचा माणूस, अमेरिकेचा ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग तोंडपाठ केलेला. ती गाणी तुझ्या वडिलांनी हजार वेळा वाजवली असतील. म्हणजे तुझ्या घरी आर्मस्ट्राँग तीन हात फिरून आधीच आलेला आहे.

‘तसंच वाजवा’ म्हणणाऱ्या तुझ्या ड्रमरसाठी : २०१४मध्ये ‘मोस्टली अदर पीपल डू द किलिंग’ या बँडने माइल्स डेव्हिसचा १९५९चा ‘काइंड ऑफ ब्लू’ सूरन्‌सूर जसाच्या तसा वाजवून अल्बम काढला. सोलोसुद्धा. मी दोन्ही लागोपाठ ऐकले. हुबेहूब आहे आणि तरी नाही. मूळ रेकॉर्डवर पुढचा सूर कोणता येणार हे वाजवणाऱ्यालाच माहीत नसतं, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी तो प्रयोग हेच दाखवायला केला असं मला वाटतं, आणि एकदा दाखवून झालं, आपण पुन्हा करायची गरज नाही.

उलट टोक रुद्रेश महंथप्पा. तोही आल्टोच, तू ऐकला असशील. २०१५चा ‘बर्ड कॉल्स’ चार्ली पार्करसाठी आहे, पण पार्करची एकही रचना सरळ वाजवलेली नाही. पार्करच्या ‘डोना ली’मधला धागा काढून ‘ऑन द डीएल’ नावाची स्वतःची रचना केली, असं प्रत्येक वेळी. मला विचारशील तर मानवंदना अशी. मंकच्या सहा रचना जगाने पन्नास-पन्नास वेळा ध्वनिमुद्रित केल्या आहेत. तू मंकमधून निघालेल्या स्वतःच्या दोन तरी टाक.

---

दादरचा_श्रोता
मंगळवार, सकाळी ७.०५

वसईकरांनी चांगला मुद्दा काढला. ‘डोना ली’ स्वतःच ‘इंडियाना’ या जुन्या गाण्याच्या कॉर्ड्सवर उभी आहे. खालचा पाया तोच, वरची चाल नवी. आपल्या संगीत नाटकांनी नेमकं उलट केलं. किर्लोस्करांच्या १८८०च्या ‘शाकुंतला’पासून नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या कोणत्या तरी गाण्याचा उल्लेख असे. चाल तीच, शब्द नवे. लोकांना त्यात कमीपणा वाटत नसे. चाल कुठून आली हे छापून सांगितलेलं असायचं आणि पद आपल्या पायावर उभं राहायचं.

पण त्यांच्या शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. स्वतःच्या रचना पुढच्या अल्बममध्ये करा. आत्ता जागा कुठे गेल्या ते शोधा.

---

कलम_एकतीस
मंगळवार, दुपारी १.३०

संगीतातलं मला कमी कळतं, हक्कांच्या कागदपत्रांचं काम करतो. कोणी हा विषय काढला नाही म्हणून लिहितो, कारण अल्बम निघाल्यावर कळलं तर मनस्ताप होतो.

भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. मंक १९८२मध्ये गेले, म्हणजे या रचनांना अजून परवानगी लागते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी नुसार कव्हर व्हर्जनसाठी वैधानिक परवान्याची सोय आहे : मूळ ध्वनिमुद्रणाला पाच कॅलेंडर वर्षं झालेली हवीत, आणि रॉयल्टी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने आगाऊ भरावी लागते. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं वाक्य पुढे आहे. या परवान्याखाली रचनेत बदल करता येत नाही, तांत्रिकदृष्ट्या अटळ असेल किंवा मालकाच्या संमतीने आधी झालेला असेल तेवढाच. सात मात्रा आणि नव्या कॉर्ड्स म्हणजे बदल नाही असं म्हणणं अवघड जाईल. त्यामुळे प्रकाशकाला सरळ लिहून संमती घ्या. मांडणीचा नमुना सोबत पाठवा. वेळ लागतो, म्हणून आजच लिहा.

श्रेयनामावली नीट द्या. ‘राउंड मिडनाइट’वर मंकबरोबर कूटी विल्यम्स आणि शब्दांसाठी बर्नी हॅनिगन यांची नावं नोंदलेली आहेत. फक्त मंक लिहिलंत तर चूक.

---

लालबाग_आल्टो
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १२.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

काळी_पाच ताई, रेकॉर्ड लावून बसलो तर तुम्ही म्हणालात तेच निघालं, आमचा ‘वेल यू नीडन्ट’चा ब्रिज कागदावरचाच होता. ड्रमरने स्वतः पुन्हा पुन्हा ऐकून खात्री केली आणि कागद बाजूला ठेवला. आता सहाही रचना कानाने बसवतोय. सात मात्रांचं ‘राउंड मिडनाइट’ टाळी देऊन गायलो. तिसऱ्या ओळीतच थांबलो. सूर ओढावे लागत होते.

वसईकर दादा, तुमचा प्रश्न वडिलांना विचारला. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत बसले असताना आपणहून म्हणाले, “बँडवर शब्द नसतात. मग माणूस मनात शब्द म्हणतो. गाणारी जिथे श्वास घेते तिथे आम्हीपण वाद्य ओठावरून काढायचो. नव्या पोरांना तिथे भरायची हौस असते. तिथे भरलं की माणसाला मनात म्हणायला वाव राहत नाही, मग त्याला गाणं सापडत नाही.” मग क्लॅरिनेटची पेटी काढली आणि एक जुनं गाणं दोनदा वाजवून दाखवलं, एकदा भरून आणि एकदा सोडून. सत्तर पार केलेल्या माणसाची फुंकर, पहिली ओळ कापत होती. पण फरक मला शेजारच्या खोलीतूनही कळला असता.

त्या रात्री १९४७ची रेकॉर्ड लावून मी एकही सूर लिहिला नाही. फक्त मंक कुठे वाजवत नाही ते कागदावर आडव्या रेघांनी मांडत गेलो. एका पानावर नुसत्या रेघा. दुसऱ्या दिवशी पियानोवाल्यासमोर ते पान ठेवलं आणि म्हटलं, इथे तू नाहीस आणि मीपण नाही.

आता ‘राउंड मिडनाइट’ पुन्हा चार मात्रांत आहे. गिलेस्पीची प्रस्तावना काढली, थेट चालीवर येतो. पहिल्या आठ बारना (चार मात्रांचा एक बार) पियानो नाही, फक्त आल्टो आणि बास, ड्रमर ब्रशसुद्धा उचलत नाही. माझी ती चढती तान गेली. वाईट वाटलं, दोन महिन्यांचं काम होतं. कॉर्ड्समधले दोन बदल मात्र ठेवलेत, ते मला खरंच ऐकू येतात.

मित्राच्या तानपुऱ्याला मी न्याय द्यायचं ठरवलं, कारण पैसे त्याचे आणि इच्छाही चांगली. ‘ब्लू मंक’ला लावून बघितला, काळी पाचच्या षड्जावर. पहिले चार बार सुरेख लागले. पाचव्या बारला ब्लूज (बारा बारचा ठरलेला साचा) चौथ्या सुरावर जातो, तिथेही पहिला षड्ज निभावतो. नवव्या बारला पाचव्यावर गेलो आणि तानपुरा आम्हाला मागे खेचायला लागला. ब्लूजला घरातून निघून परत यायचं असतं, तानपुरा घर सोडूच देत नाही. मित्र समोर बसला होता, त्यालाच ऐकू आलं. तो म्हणाला, राहू दे. याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

तबला मात्र एका ठिकाणी राहिला. ‘अग्ली ब्यूटी’, मंकची एकमेव तीन मात्रांची रचना. गिरगावचा एक तबलजी आला, त्याने आधी सुंदर दादरा लावला आणि चाल त्याखाली गडप झाली. मी त्याला ते रेघांचं पान दाखवलं. त्याने दायां बाजूला ठेवला आणि नुसता बायां वाजवला, तोही दोन-तीन बारमधून एकदा, घुमारा सोडून. बासच्या खाली तो असा काही बोलतो की मी वाजवायचं विसरलो होतो. श्रोते काका, हे चिकटवलेलं वाटतं का ते तुम्ही ऐकून सांगा. ध्वनिमुद्रण पाठवतो.

‘क्रेपस्क्यूल’ लिहिली तशी वाजवतो, सोलो नाही. तीन मिनिटं. चौघांपैकी कोणीही आता तक्रार करत नाही.

कलम_एकतीस साहेब, प्रकाशकाला पत्र गेलं, नमुने जोडले, उत्तराची वाट बघतोय. तिन्ही नावं मजकुरात घातली.

राहिलं ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’. मंकच्या त्या १९५६च्या सत्रात २५ वेळा वाजवूनही सलग पूर्ण झालं नव्हतं, शेवटी निर्मात्याने तुकडे जोडून रेकॉर्ड केली. बावीस बारची रचना, आठ, सात आणि सात, आणि एक फेरा सावकाश तर पुढचा दुप्पट वेगात. सात बार संपतात तिथे आमचा बास अजून सवयीने आठवा मोजतो आणि आम्ही तिघं पुढे निघून गेलेलो असतो. आज अकरा वेळा वाजवलं. अकराव्या वेळी दुप्पट वेगात शिरलो तेव्हा पहिल्यांदा चौघं एकत्र पोहोचलो, आणि त्याच आनंदात परतीचा सावकाश फेरा सुटला. खोलीचे दोन तास संपले होते, बाहेर पुढचा बँड थांबला होता. पुढच्या रविवारी तीन तास घेतले आहेत.